महापालिकेनं कर्ज काढताना मतदारांना विचारायला हवं की नको?

पर्वतीपायथा

15 जानेवारी 2026 ला मुलीला घेऊन मतदानाला गेलो. ती 26 वर्षांची आहे आणि महापालिकेसाठीचं तिचं हे पहिलंच मतदान. फेब्रुवारी 2017 च्या निवडणुकीत ती 17 वर्षांची होती. सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि तेव्हापासून जवळपास चार वर्षं पुण्यात राज्य सरकारनं नेमलेले प्रशासक. प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे म्हणून आम्ही दोघांनी चार-चार बटणं दाबली, अ, ब, क आणि ड. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "बाबा, आपण आत्ता नक्की काय ठरवलं?"

मला चार नावांपलीकडे काही सांगता आलं नाही. शहर पुढच्या पाच वर्षांत पैसा कुठं घालणार, कर्ज किती काढणार, ते कशातून फेडणार, यातलं काहीही मी ठरवून आलो नव्हतो.

जून 2017 मध्ये पुणे महापालिकेनं चोवीस तास पाणी योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे (बाँड) काढले, 7.59 टक्के व्याजानं, 10 वर्षांसाठी. मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजवून ते दाखल झाले. पाच वर्षांत 2,264 कोटी उभे करायचे होते, हा पहिला हप्ता. वर्षाचं व्याज 15 कोटी 18 लाख. पुढं पाइपलाइनची निविदाच रद्द झाली आणि रोख्यांचे पैसे बँकेत ठेव म्हणून पडून राहिले. व्याज मात्र चालू होतं. या रोख्यांच्या परतफेडीला तारण होता आपल्या मिळकतकराचा पैसा. म्हणजे हमी माझी, फेडणार मी, आणि विचारलं कुणी? कुणीच नाही.

शेजारी पिंपरी-चिंचवडनं 2023 मध्ये 200 कोटींचे रोखे काढले. तेव्हा तिथंही प्रशासक होते. एकाही निवडून आलेल्या माणसानं हात वर न करता शहर कर्जात गेलं.

माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे. एक, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठं आणि नगरसेवकाच्या मुदतीपेक्षा लांब चालणारं कर्ज असेल तर त्यावर शहरातल्या मतदारांचा होय-नाही कौल घ्यावा. दोन, प्रभाग एकसदस्यीय की चारसदस्यीय हे मुंबईत मंत्रालयात बसून ठरू नये, ज्या शहरात तो बदल होणार तिथल्या मतदारांच्या संमतीशिवाय तो होऊ नये. अमेरिकेतल्या अनेक शहरांत या दोन्ही गोष्टी होतात. आपल्याकडे का नकोत?

जमाखर्च

मी एका महापालिकेच्या लेखा विभागात 31 वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. धागाकर्त्यांची तळमळ समजते, पण पहिल्या मागणीला माझा स्पष्ट विरोध आहे.

कर्ज हा शब्द ऐकला की आपल्याकडे सावकार डोळ्यांपुढे येतो. महापालिकेचे कर्ज तसे नसते. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय महापालिकेला कर्ज काढता येत नाही. रोखे काढायचे तर 2015 पासून सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचे नियम आहेत, पतमानांकन म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीची तपासणी लागते, हिशेब उघडे करावे लागतात. मला तर रोखे याच कारणासाठी आवडतात. ज्या हिशेबाकडे सभागृहात कोणी ढुंकून पाहत नाही, तो हिशेब पैसे गुंतवणारा माणूस ओळीओळीने वाचतो. अहमदाबादने 1998 मध्ये राज्याच्या हमीशिवाय 100 कोटींचे रोखे काढले, त्याआधी त्यांना जकातीची गळती थांबवून वसुली सुधारावी लागली होती. पतमानांकनासाठी घर आवरावेच लागते.

आता आकड्यांचे प्रमाण पाहा. पुण्याचे 2025-26 चे अंदाजपत्रक 12 हजार 618 कोटींचे होते. त्यापुढे 200 कोटी किती? शिवाय केंद्राने रोख्यांना प्रोत्साहन म्हणून दर 100 कोटींमागे 13 कोटी दिले, म्हणजे पुण्याला 26 कोटी. हे 26 कोटी धागाकर्त्यांच्या हिशेबात आले नाहीत.

जमिनीखालची जलवाहिनी 40 वर्षे टिकते. तिचा सगळा खर्च यंदाच्या करदात्याने का सोसायचा? आज सातवीत असलेला मुलगा उद्या तेच पाणी पिणार आहे, त्यानेही थोडा भार उचलावा. कर्जाचा अर्थ इतकाच.

ठेवीत पैसे पडून राहिले ही चूकच होती, त्याचे समर्थन करणार नाही. पण तिचा इलाज मतदान नव्हे. आधी निविदा, मग कार्यादेश, मग कर्ज, हा क्रम पाळला असता तर ती वेळच आली नसती. लाखो लोकांनी होय म्हटले असते तरी निविदा रद्द व्हायची ती झालीच असती.

सॅन होजेकर

अमेरिकेचा उल्लेख आला म्हणून लिहितो. 14 वर्षं इथं, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत असल्यामुळं मत देता येत नाही. पण घर आहे, मालमत्ता कर भरतो, त्यामुळं प्रत्येक निवडणुकीत बायको आणि मी मतदारांसाठी निघणारी पुस्तिका वाचतोच.

कॅलिफोर्नियात शहराच्या करातून फेडायचे सर्वसाधारण रोखे काढायचे तर मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची संमती लागते. शाळांच्या रोख्यांसाठी 2000 पासून 55 टक्के पुरतात. नोव्हेंबर 2018 मध्ये सॅन होजेत एकाच मतपत्रिकेवर दोन रोखे होते. एक 65 कोटी डॉलरचे, रस्ते, पूल, अग्निशमन केंद्रं, पूर आणि भूकंपाची तयारी यासाठी. ते मंजूर झाले. दुसरे 45 कोटी डॉलरचे, परवडणाऱ्या घरांसाठी. त्यांना सुमारे 64 टक्के मतं पडली आणि ते नामंजूर झाले.

64 टक्के लोक हो म्हणाले, तरी घरं नाहीत. तेव्हा इथल्या रस्त्यांवर हजारो माणसं तंबूत आणि गाड्यांमध्ये झोपत होती, ती मी रोज ऑफिसला जाताना बघत होतो. 2024 मध्ये ही अट राज्यभर 55 टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव आला, तोही लोकांनी मतदानानंच फेटाळला. त्यामुळं पर्वतीपायथा, कौल हवा म्हणताना किती टक्क्यांचा कौल, हे आधी ठरवा. सगळी मेख तिथं आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून घेण्यासारखी आहे, ती पुस्तिका. मतदानाच्या काही आठवडे आधी प्रत्येक मतदाराच्या घरी येते. तिच्यात प्रस्तावाचा पूर्ण मजकूर असतो, शहराच्या वकिलानं कुणाची बाजू न घेता लिहिलेलं विश्लेषण असतं, बाजूनं एक लेख, विरोधात एक लेख, आणि दोघांनी एकमेकांना दिलेली उत्तरं. घराच्या एक लाख डॉलर मूल्यांकनामागे वर्षाला किती कर वाढेल, तो आकडाही छापलेला असतो. ती वाचल्यावर शेजाऱ्याशी भांडतानासुद्धा दोघांच्या तोंडी एकच आकडा असतो.

किरकटवाडी

मी सिंहगड रस्त्याला किरकटवाडीत राहते. 30 जून 2021 ला आमच्यासह 23 गावं पुणे महापालिकेत घेतली. ग्रामपंचायत गेली. नऊ महिन्यांत महापालिकेचं सभागृहही गेलं. 2021 पासून 2026 पर्यंत आम्ही निवडून दिलेलं एकही माणूस कुठंच नव्हतं, ना सरपंच, ना नगरसेवक. दिवा गेला तरी कुणाला फोन करायचा ते कळायचं नाही.

खडकवासल्याचं धरण आमच्या गच्चीतून दिसतं. त्याचं पाणी शुद्ध होऊन तुमच्या पर्वतीला जातं, आणि आम्हाला विहिरीचं, क्लोरिन टाकून, न गाळलेलं. जानेवारी 2025 मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात गुलेन बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले. धडधाकट माणसांचे पाय गेले, कित्येक जण व्हेंटिलेटरवर होते. आमच्याच सोसायटीतली एक मुलगी दोन महिने चालू शकत नव्हती. पाणी दूषित असल्याचं तेव्हा सगळ्या राज्यानं वाचलं.

आता मला सांगा पर्वतीपायथा, आमच्या गावांच्या जलशुद्धीकरण केंद्रासाठी उद्या 500 कोटींचं कर्ज काढायचं ठरलं आणि त्यावर शहरभर मतदान घेतलं, तर कोथरूड, सदाशिव पेठ, औंध काय म्हणणार? "आमच्या मिळकतकरातून त्यांना पाणी कशाला?" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून. ज्यांच्या नळाला पाणी आहे ते मोजणीत कायम जास्त भरणार. आणि वर दोन तृतीयांशाची अट घातलीत तर आमचा नंबर कधीच लागायचा नाही.

पर्वतीपायथा

ताई, तुमच्या प्रतिसादावर बराच वेळ विचार केला. पाण्याचं जे लिहिलंत त्याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि पर्वती भागात राहणारा म्हणून ते वाचताना त्रास झाला.

तरीही एक विचारतो. पाच वर्षं कुणी मत विचारलं नाही, तेव्हा तुम्हाला पाणी मिळालं का? निर्णय वरून होत होते, मतदान मध्ये येत नव्हतं, सगळे अधिकार एका खुर्चीत होते. तरी शुद्धीकरण केंद्र झालं नाही. शहरासमोर तो प्रश्न कधी होय-नाहीच्या रूपात उभाच राहिला नाही. तो मतपत्रिकेवर आला असता तर कोथरूडच्या माणसाला निदान कळलं असतं की तुम्ही न गाळलेलं पाणी पिता. मला स्वतःला ते जानेवारी 2025 च्या बातम्यांमधून कळलं. 40 वर्षं या शहरात राहतोय.

जमाखर्च साहेब, 26 कोटींचं मान्य. लिहायला हवं होतं. पण राज्य सरकारच्या मंजुरीला तुम्ही राखण म्हणता, तीच मला अडचण वाटते. मंजुरी देणारा हे कर्ज फेडणार नाही.

माणदेशी

आपल्याकडे होय-नाहीचा कौल नाही असं सगळे धरून चाललेत. आहे की! दारूबंदीचा. उभी बाटली आणि आडवी बाटली.

गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की सह्या तपासतात, मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. दुकान चालू राहावं तर उभी बाटली, बंद व्हावं तर आडवी. आमच्या गावात हे मतदान दोनदा झालं आणि दोन्ही वेळेला मी घरोघर फिरले, म्हणून सांगते.

पहिल्या वेळेला आम्ही हरलो. आलेल्या बायांपैकी बहुतेकींनी आडवीवरच शिक्का मारला होता. पण नियम असा की यादीत जितकी नावं, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी चालत नाहीत. आमच्याकडच्या किती बाया ऊसतोडीला गेलेल्या, किती मुंबईला, कितीजणी मयत होऊनही यादीत तशाच. जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखंच. दुसऱ्या वेळेला आम्ही यादी घेऊन बसलो, मयतांची नावं काढून घेतली, बाया ऊसतोडीला जायच्या आधीची तारीख मागितली आणि जिंकलो. दुकान बंद झालं.

म्हणून सॅन होजेकर दादांचं पटतं. किती टक्के आणि कशाचे टक्के, जीव त्यातच असतो. पण लोकांना कळत नाही, लोकांना विचारू नये, हे मी ऐकून घेणार नाही. चौथी शिकलेल्या बाया दुकानदाराच्या महिन्याच्या गल्ल्याचा हिशेब करून भाषण करत होत्या.

चौकटीबाहेर

सगळे कर्जावरच बोलताय. माझ्या मते धाग्यातला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे आणि मी त्याच्या पूर्ण बाजूनं आहे.

पुण्याचा इतिहास बघा. 2002 ला तीन सदस्यांचा प्रभाग. 2007 ला एक. 2012 ला दोन. 2017 ला चार. मग एक सरकार आलं, त्यांनी एकसदस्यीय ठरवलं, नंतर स्वतःच तीन केलं. दुसरं सरकार आलं, पुन्हा चार. 2026 ला 41 प्रभाग आणि 165 जागा. आणि मुंबईत या सगळ्या काळात प्रत्येक वॉर्डाला एकच नगरसेवक, त्याला कुणी हात लावला नाही. जे मुंबईला चालतं ते पुण्याला का चालत नाही, याचं उत्तर एकाही सरकारनं दिलेलं नाही.

माझ्या गल्लीतला ड्रेनेजचा चेंबर दीड वर्षं फुटका होता. 2017 ते 2022 मध्ये, नगरसेवक असतानाच्या काळातली गोष्ट. मी चौघांकडे गेलो. प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं. चौघांचा मिळून मतदार मी, आणि चौघांपैकी माझा एकही नाही.

जमाखर्च

चौकटीबाहेर, प्रभागरचना वारंवार बदलू नये इथपर्यंत सहमत. पण चारसदस्यीय पद्धतीला एक बाजू आहे, ती कोणी मांडली नाही म्हणून मांडतो.

एकसदस्यीय वॉर्डात आरक्षणाची सोडत फिरली की पाच वर्षे काम केलेल्या माणसाचा वॉर्डच जातो. मोठ्या प्रभागात चार जागांमध्ये महिला, मागासवर्गीय आणि सर्वसाधारण अशी सोय एकत्र होते. दुसरे, नोकरीत असताना मी पाहिले आहे, एकसदस्यीय वॉर्डातला नगरसेवक आपल्या चौकापलीकडे पाहत नाही. पाण्याची टाकी शेजारच्या वॉर्डात जाते म्हणून महत्त्वाचा विषय दोन वर्षे अडवून ठेवलेला मला ठाऊक आहे.

आणि हे मतदारांनी ठरवायचे म्हणता, तर समजा 2007 मध्ये एकसदस्यीयला मत दिले असते, तर पुणेकर पुढे कायमचे बांधले गेले असते का? की दर निवडणुकीला नवा कौल?

सॅन होजेकर

इथं कसं होतं ते सांगतो. शहराची एक सनद असते, शहराची घटनाच म्हणा. नगर परिषदेत किती सदस्य, महापौर थेट निवडायचा की नाही, निवडणूक कोणत्या वर्षी घ्यायची, हे सगळं त्यात. ती बदलायची तर मतदारांकडे जावंच लागतं, पण इथं साधं बहुमत पुरतं. सॅन होजेत पूर्वी सगळे सदस्य शहरभरातून निवडले जायचे. 1978 मध्ये मतदारांनी सनद दुरुस्त करून जिल्ह्यांप्रमाणे, म्हणजे आपल्या वॉर्डांप्रमाणे, निवडणूक मान्य केली आणि आजही दहा जिल्हे, दहा सदस्य आहेत. 2022 मध्ये महापौराची निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी घ्यायचं लोकांनी ठरवलं, कारण त्या वर्षी मतदार जास्त येतात. त्यासाठी त्या साली निवडून आलेल्या महापौराला पहिल्यांदा दोनच वर्षं मिळाली.

जमाखर्च साहेबांना उत्तर असं की कुणी कायमचं बांधलं जात नाही. पण बदल हवा असणाऱ्याला लोकांपुढं उभं राहून तो का हवा ते सांगावं लागतं.

दुसरी बाजूही सांगतो. नोव्हेंबर 2024 मध्ये शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मतपत्रिकेवर शहराचे 15 प्रस्ताव होते. त्यातले दोन शहराच्या समित्या किती असाव्यात याच एका विषयावरचे, एकमेकांविरुद्धचे. राज्याचे प्रस्ताव वेगळेच. माझा तिथला एक मित्र वकील आहे, त्यालाही दोन रविवार लागले. डबल शिफ्ट करणाऱ्या माणसानं ते कधी वाचायचं? ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा आहे त्याचा आवाज मग सगळ्यात आधी पोचतो.

किरकटवाडी

पर्वतीपायथा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून मीही सरळ लिहिते. प्रभागरचनेवर मत घ्या, माझी हरकत नाही. तिथं सगळे मतदार सारखे आहेत. पण पाणी, सांडपाणी, दवाखाना यासाठीच्या कर्जावर नाही. पिण्याचं पाणी हा माझा हक्क आहे, तो शेजाऱ्यांच्या मतांनी मंजूर व्हायची गरज नाही.

त्याऐवजी एक मागते. आपल्या कायद्यात क्षेत्रसभा आहे. 2009 मध्ये घातली. मतदान केंद्राच्या आसपासच्या मतदारांनी एकत्र बसून कामं सुचवायची, चाललेल्या कामांवर नजर ठेवायची. गावात ग्रामसभा होती तेव्हा सरपंचाला उभं करून प्रश्न विचारता यायचा, चुकीचा खर्च दिसला तर बायका उठून बोलायच्या. शहरात आलो आणि तेवढंही गेलं. आता नगरसेवक आलेत, तर आधी ती क्षेत्रसभा भरवा.

जमाखर्च

ताईंचे बरोबर आहे. आणि पुस्तिकेची कल्पना मला पटली, त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. कोणतेही कर्ज काढण्यापूर्वी दोन पानी पत्रक. रक्कम, व्याजदर, मुदत, एकूण व्याज, तारण काय, काम कोणत्या भागात, निविदा कोणत्या टप्प्यावर, आणि कर्ज न काढल्यास काय होईल. सभागृहात विरोधात बोललेल्या सदस्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत. हे पत्रक मिळकतकराच्या बिलासोबत घरोघर जाऊ शकते, टपालाचा वेगळा खर्चही नाही.

माणदेशी

बिल मालकाच्या नावानं जातं ना? माझा भाऊ हडपसरला भाड्यानं राहतो, 11 वर्षं झाली. मतदार यादीत नाव आहे, बिल कधी पाहिलं नाही. त्याला पत्रक कोण देणार?

पर्वतीपायथा

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बिलावरच गेलो तर पत्रक घरमालकांपुरतं राहील. मतदार यादी घेऊनच वाटावं लागेल.

कर्जाच्या कौलाबाबत मी अजून हट्ट सोडलेला नाही, पण पाणी, सांडपाणी आणि आरोग्य त्यातून वगळायला तयार आहे. नदीकाठ सुशोभीकरण, उड्डाणपूल, नवी इमारत असल्या कामांना कौल राहू दे. 2017 च्या रोख्यांची मुदत 2027 मध्ये भरते. तोवर त्या पैशाचं काय झालं, किती नळांना चोवीस तास पाणी आलं, याचं एक पत्रक तरी मागू या. जमाखर्च साहेब, तुम्ही मसुदा केलात तर मी आमच्या प्रभागातल्या चौघांच्याही हातात नेऊन देतो.

किरकटवाडी

मसुद्यात एक रकाना माझ्याकडून घाला. समाविष्ट गावांपैकी कोणत्या गावाला आज गाळलेलं पाणी मिळतं आणि कोणत्याला नाही, गावाच्या नावानिशी.

जमाखर्च

घालतो. रविवारपर्यंत इथेच टाकतो.